रील बघून दुकानात येण्याआधी

गोव्यात फोंड्याला वरच्या बाजारात माझं बाळांच्या सामानाचं दुकान आहे. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, पाळण्याच्या दोऱ्या, दुधाच्या बाटल्या, खुळखुळे. येत्या चतुर्थीला सव्वीस वर्षं होतील. पूर्वी बाळ जन्मल्याशिवाय कोणी दुकानाची पायरी चढत नसे. मग बारशाच्या आधी बाळाची आजी यायची, कापड चिमटीत धरून चोळायची, उलटं करून शिवण बघायची आणि पाच रुपये कमी करा म्हणायची. आता सातव्या महिन्यातच नवराबायको येतात आणि 'मावशी' म्हणायच्याही आधी फोन पुढे करतात. "हे आहे तुमच्याकडे?" फोनमध्ये इन्स्टाग्रामवरच्या कुठल्यातरी आईचं रील : पांढरीशुभ्र खोली, खिडकीतून ऊन, बाळाच्या अंगावर दुधाचा एक डाग नाही.

मी आधी विचारते, "तुमच्या बाळाला काय होतंय?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "तसं काही नाही, पण..."

त्या 'पण'साठी हे लिहिते आहे. शेवटी मी विकणारी बाई, तेव्हा माझंही बोलणं पारखूनच घ्या.

सात दिवसांची वही

माझी सून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत हिशेब बघते. बाळंतपणाची सव्वीस आठवडे रजा, आणि बाळ रात्रीचं राजा. दूध पाजताना एक हात मोकळा असतो, त्या हातात फोन. मला वाटायचं, पोरीची करमणूक होतेय, होऊ दे. पण सकाळी ती उठायची ती कसला तरी घोर घेऊनच. आज पोटावर खेळवायचं राहिलं, काळी-पांढरी कार्डं दाखवली नाहीत, मी त्याच्याशी पुरेसं बोलत नाही. बाळ आपलं गुटगुटीत, हसरं. हिचा चेहरा मात्र परीक्षेत नापास झाल्यासारखा. रजा संपून कामावर रुजू झाल्यावर तर दुप्पट, कारण आता दिवसभर बाळाजवळ नसल्याचा सलही होता.

सगळ्यांनी सल्ला दिला, फोन काढून घ्या. तसं करू नका. रात्री अडीचला जागी असलेली बाई घर भरलेलं असलं तरी एकटीच असते. तिची तेवढी सोबतही काढून घेतली तर ती काळोखात बसून तेच विचार करणार. माझी भाची मानसशास्त्र शिकली आहे, तिने वेगळा उपाय सांगितला. एक शंभर पानी वही घ्यायची आणि चार रकाने आखायचे : किती वाजले, कोणी काय सांगितलं, ती काय विकत होती, बघून झाल्यावर मला कसं वाटलं. सात दिवस नुसतं लिहायचं. बघणं कमी करायचं नाही, कोणाला अनफॉलो करायचं नाही.

सुनेला विचारून तिच्या वहीतली एक नोंद इथे देते. "रात्री २.४०. बाळ रांगलं नाही तर पुढे लिहिता-वाचताना अडतं म्हणे. रांगायला शिकवायचा कोर्स, पहिल्या शंभर जणींना सवलत. पोटात गोळा. मग आणखी अकरा रील्स बघितली."

आठवड्याच्या एकतीस नोंदी झाल्या. दिवसाची अक्षरं सरळ, रात्रीची वाकडी. एकतीसपैकी एकोणीस जणी काही ना काही विकत होत्या. चौथ्या रकान्यात 'बरं वाटलं' असं पाच वेळा होतं, आणि त्यातलं तीनदा एकाच बाईबद्दल. ती स्तनपानाची सल्लागार, बाहुली घेऊन बाळाला छातीला कसं लावायचं ते दाखवते. हे मुद्दाम सांगते, कारण ही सगळी मंडळी लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. सुनेची छाती दगडासारखी झाली होती त्या रात्री माझं शहाणपण छातीवर कोबीचं पान ठेवण्यापाशी येऊन संपलं होतं. त्या बाईच्या व्हिडिओने निभावलं.

भाची म्हणते, ह्या दुखण्याचं नाव जुनं आहे. लिओन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं, की स्वतःला मोजायला दुसरी पट्टी सापडली नाही की माणूस शेजाऱ्याकडे बघून स्वतःला मोजतो. आईपणाला तर कुठलीच पट्टी नाही. आमच्या वेळी शेजारीण विहिरीवर भेटायची, तिच्या पोराचं शेंबडं नाक दिसायचं, रात्री ते किती रडलं ते भिंतीतून ऐकू यायचं. तुलना तेव्हाही होती, पण माप खरं होतं. रीलमध्ये शेजारणीची तीस सेकंदंच दिसतात, तीही तिने निवडलेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी संशोधकांनी नव्या आयांना इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट दाखवल्या, काहींना सजवलेल्या आईपणाच्या आणि काहींना साध्या. सजवलेल्या बघणाऱ्यांमध्ये काळजी आणि असूया दोन्ही जास्त आढळल्या, आणि ज्यांना मुळातच तुलनेची सवय त्यांना जास्त झळ बसली.

तेव्हा वही भरली की चौथा रकाना वाचा. ज्या नावापुढे तीनदा 'पोटात गोळा' आलाय ते नाव बंद करा. ती बाई चांगली असेल, सांगते तेही खरं असेल, तरी बंद करा. एखाद्याला शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, मानवत नाहीत, म्हणून काय तिसऱ्या वाईट?

तिसरा रकाना, आणि माझं पाप

तिसरा रकाना भरायला सगळ्यात अवघड. ती काय विकते हे पटकन दिसत नाही, आणि हे मी आतून बघितलंय म्हणून सांगू शकते.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी दुकानात आली. बाळ कडेवर, फॉलोअर पुष्कळ. दुकानासाठी रील करून देते म्हणाली, पैसे नकोत, सामान द्या. मी तिला दुपट्यांचे दोन संच, एक झोळी आणि राईची उशी दिली. ती बाळाचं डोकं गोल करणारी म्हणतात ती. तिने माझ्याच काउंटरमागे उभं राहून सांगितलं, "माझं बाळ पहिल्या दिवसापासून ह्याच उशीवर झोपतं." उशी तिने अर्ध्या तासापूर्वी पहिल्यांदा हातात घेतली होती, आणि बाळ सात महिन्यांचं होतं. मी बाजूलाच उभी होते. तोंडातून शब्द काढला नाही. महिन्याभरात त्रेचाळीस उश्या गेल्या.

मग एकदा एक बालरोगतज्ज्ञ बाई स्वतःच्या भाचीसाठी झबलं घ्यायला आल्या. काउंटरवरची उशी उचलून म्हणाल्या, "मावशी, हे का ठेवता?" बाळ पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर झोपवायचं, वर्षभर तरी उशी नको, जवळपास मऊ काही नको, कारण नाक दबलं तर त्याला मान वळवता येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा डोकं घडवणाऱ्या उश्यांबद्दल इशाराच दिला आहे. पडून पडून चपटं झालेलं डोकं बहुतेक बाळांचं, जागेपणी पोटावर खेळवलं आणि मान धरू लागली की हळूहळू आपलं आपण सुधारतं. उरलेला माल मी परत पाठवला. विकलेल्या त्रेचाळीस काही परत आल्या नाहीत.

फुकट मिळालेलं सामान ही मजुरीच असते, आणि नियमही तेच मानतात. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या ॲस्की ह्या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, सहल, कसलाही फायदा मिळाला असेल तर ते ठळकपणे सांगायचं. फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. त्या मुलीने माझ्या रीलमध्ये यातलं काही लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

म्हणून रील बघताना खाली मजकूर उघडून शेवटपर्यंत वाचा. 'ॲड', 'स्पॉन्सर्ड', 'पार्टनरशिप', 'कोलॅब' असं काही हॅशटॅगांच्या गर्दीत लपवलेलं असतं. नसेल तर सवलतीचा कोड बघा, कोडात तिचं नाव असेल तर प्रत्येक विक्रीमागे तिला बहुधा काहीतरी मिळतं. 'कमेंटमध्ये झोप असं लिहा, मी लिंक पाठवते' हेही दुकानच, फक्त पाटी नसलेलं. आरोग्याबद्दल बोलणाऱ्यांनी आपली पदवी सांगावी असंही ॲस्कीने ऑगस्ट २०२३ मध्ये जोडलं आहे. 'कोच' किंवा 'एक्स्पर्ट' ही पदवी नव्हे. 'मॉन्टेसरी' हे नावही कोणाच्या मालकीचं नाही, कुठल्याही लाकडी फळीला ते लावता येतं आणि फळी दुप्पट किमतीला जाते. मला हे माहीत असायलाच हवं, मीही विकलंय.

दुधाची पावडर, दुधाच्या बाटल्या, दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचं डबाबंद खाणं यांची जाहिरात करायला तर १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बंदीच आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. म्हणून माझ्या दुकानात बाटल्या आहेत, पण बाटलीचं पोस्टर किंवा 'एकावर एक फुकट' दिसणार नाही. कोणी ताई हसत हसत पावडरीचा डबा कॅमेऱ्यासमोर धरत असेल तर ती काय करतेय ते ओळखा. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि खेळणं घेताना, रीलमधलं असो नाहीतर माझ्याकडचं, आयएसआयची खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे.

तीन ढीग

परत आलेला माल आम्ही तीन ढिगांत लावतो : फेकायचा, दुरुस्तीचा, पुन्हा विकायचा. सुनेच्या वहीतल्या एकतीस नोंदीही आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून अशाच तीन ढिगांत टाकल्या. जोखमीच्या, वाढीच्या, हौसेच्या.

जोखमीची गोष्ट रीलवरून कधी करून बघायची नाही. औषध, काढा, घुटी, लस पुढे ढकलणं, दात येताना गळ्यात घालायची मण्यांची माळ, हे सगळं त्यात. वॉकरही मी ह्याच ढिगात टाकला. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे, कारण मुलं त्यात बसून जिन्यावरून खाली जायची. आपल्या जुन्या घरांतल्या पडवीच्या पायऱ्या आठवून बघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, दूध ओढायचं थांबणं, ह्यात तर फोन फक्त डॉक्टरांना लावण्यासाठी उचला.

वाढीचा ढीग आमच्या घरात सगळ्यात उंच झाला, कारण नातू नऊ महिन्यांचा झाला तरी रांगत नव्हता. बसल्या जागेवरून बुडावर सरकायचा, एखाद्या पाटावर बसून नाव वल्हवावी तसा. सून त्या २.४० च्या रीलनंतर चार रात्री रडली. शेवटी आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बाळाला खाली सोडलं, त्याच्याकडे पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि मग बोलले. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांवरून माप काढलंय, त्यात आपल्या दिल्लीचीही मुलं होती. धडधाकट मुलं हातागुडघ्यांवर रांगतात ती साधारण ५.२ ते १३.५ महिन्यांच्या मध्ये कधीही. एकटी चालतात ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या मध्ये. आणि त्यातली शंभरात चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच चालू लागली. अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये वाढीच्या टप्प्यांच्या आपल्या यादीतून रांगणंच काढून टाकलं.

आमचा बाबलो चौदाव्या महिन्यात चालला. कोर्स घेतला नव्हता. घेतला असता तर कोर्सलाच श्रेय गेलं असतं.

तेव्हा वाढीची शंका आली की आधी आरोग्य केंद्रातून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड बाहेर काढा. कपाटात कागदांच्या खाली पडलेलं असतं ते. त्यावर वजनाच्या रेघा आहेत. मधली रेघ ही पास व्हायची रेघ नव्हे. निम्मी निरोगी मुलं तिच्या खालीच असतात. बाळ आपल्या रेघेच्या बाजूने वर जातंय ना, एवढं बघायचं. पण रेघ सोडून खाली घसरत असेल, किंवा येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, बोलायचं ते बंद झालं, नजर देईनासं झालं, तर थांबू नका, मग रील काहीही म्हणो. 'होईल सावकाश, आमच्याकडे सगळी उशिराच बोलली' असं म्हणणारी आजीही तेव्हा चुकते.

हौसेच्या ढिगाबद्दल माझं काही म्हणणं नाही. महिन्या-महिन्याचे फोटो, रंगीत बो, नावाची पाटी, करा हवं ते. पैसे असतील तर माझ्याकडून घ्या.

ताट

एका गिऱ्हाईकाने मला तिचं सात महिन्यांच्या बाळाचं ताट फोनवर दाखवलं. सिलिकॉनचं, पाच खण. अव्होकाडो, ब्लूबेरी, किन्वा. मी विचारलं, खाल्लं का? "नाही ना मावशी, थुंकलं." तिच्या घरी दुपारी काय शिजलं होतं? उकड्या तांदळाचा भात, मुगाचं वरण, कडधान्याचं तोंडाक, आणि मुडदुशी मासे.

सहा महिने झाले की दुधाबरोबर वरचं खाणं सुरू करायचं, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपली आजीही साधारण तेच सांगायची. अंडी, मासे, मांस यांतलं काहीतरी रोज, डाळ, भाजी, फळ. यादीत अव्होकाडोचं नाव कुठे सक्तीचं नाही. उकड्या तांदळाची पेज घट्ट करून, वरण कालवून, मुडदुशीचा काटा बोटांनी दोनदा तपासून, मयडे गावचं केळं चुरून. तिझान, म्हणजे नाचणीची खीर, तर आपलंच, फक्त बाळासाठी गूळ घालायच्या आधीच वाटीभर बाजूला काढा. मीठ-साखर-गूळ वर्षभर तरी नको. जून-जुलैत मासेमारी बंद असली की अंडं आहे. मध मात्र वर्षाच्या आत अजिबात नको, बोटावरून चाटवायचाही नाही, त्यातल्या जंतूंनी लहान बाळाला लुळेपणा येऊ शकतो. मी माझ्या मुलाला उगाळलेल्या गुटीत मध घातला होता. काही झालं नाही, ते नशीब.

बाळाला हाताने खाऊ द्यायची पद्धत रील्समध्ये फार आहे. ती वाईट नाही. पण त्या रीलमध्ये बाळाच्या समोर कायम माणूस बसलेलं असतं हे कॅमेऱ्यामागे असल्यामुळे दिसत नाही. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, खोबऱ्याची कातळी चार-पाच वर्षांपर्यंत तशी द्यायची नाही.

सासूला रील पाठवू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्याबद्दल कुठल्याच रीलमध्ये सांगत नाहीत.

एका रात्री अकरा वाजता मला सुनेकडून व्हॉट्सॲपवर एक रील आलं. पुढे-मागे एक अक्षर नाही. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत. रीलचं नाव, 'टॉक्सिक आजीची पाच लक्षणं'. तिसरं लक्षण, बाळ रडलं की आईच्या आधी धावून उचलणारी. मी उत्तरादाखल आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवरचं, झेंडूच्या फुलांचं, 'आजीची माया विकत मिळत नाही' असं लिहिलेलं चित्र पाठवलं. पुढचे दोन दिवस घरातलं बोलणं बाबल्यामार्फत. "बाबल्या, आईला सांग पानं वाढलीत." "बाबल्या, आजीला सांग मला भूक नाही." तो दहा महिन्यांचा.

रील पाठवणं म्हणजे भांडायला भाड्याचा माणूस आणणं. त्याला आपलं घर माहीत नसतं. सांगायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट, दिवसाउजेडी, बाळ रडत नसताना, आपल्या शब्दांत. सुनेने पुढे जमवलं ते असं : "आई, डॉक्टरांनी वर्षभर मीठ नको सांगितलंय. त्याची पेज आपण आधीच वेगळी काढू या का?" ह्यात मला नाही म्हणण्यासारखं काय होतं? मी रोज वाटी वेगळी काढू लागले. 'तुम्ही जुन्या लोकांना कळत नाही' असं ऐकलं असतं तर मुद्दाम चिमूटभर घातलं असतं, खोटं कशाला बोलू.

आणि सासूबाई, आपल्यासाठीही. आपल्या डोक्यातही जुनी रील्स चालूच असतात. काजळ, मध, दूध पुरत नसेल तर वरचं दे. यातलं काय खरं होतं हे सुनेच्या डॉक्टरांना आपणही एकदा विचारावं. मी विचारलं. निम्म्यात नापास झाले.

आणखी एक. सून मध्यंतरी बाबल्याशी इंग्रजी रीलमधली वाक्यं बोलायची. त्याने माझा चष्मा ओढला की "वी यूज जेंटल हँड्स". घरात कोकणी, पेपर आणि नाटक मराठी, आणि हे मध्येच परदेशातून आलेलं. तो तिच्याकडे बघत बसायचा. "मारू नये बाबल्या, माया कर," म्हटलं की गालावरून हात फिरवतो. शांतपणे सांगणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण पाठ केलेलं वाक्य विसरलं की ती स्वतःवरच चिडायची, मग त्याच्यावर ओरडायची आणि मग ओरडल्याबद्दल रडायची. भाचीने तिला एड ट्रॉनिक ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं काम सांगितलं. त्यांना दिसलं होतं की चांगल्या, प्रेमळ आयांचाही बाळाशी सूर जुळलेला असतो तो जेमतेम तिसरा हिस्सा वेळ. बाकी वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं. तेव्हा ओरडलात तर दहा मिनिटांनी जवळ घ्या, "आई चिडली होती" म्हणा. पुरे.

फोनची झाडलोट

हे पटकन सांगते. मुलाने दाखवलं तसं.

जे रील नको ते बघत बसून शिव्या घालू नका. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीच सांगितलंय, की किती वेळ बघितलं, लाइक केलं का आणि दुसऱ्याला पाठवलं का, ह्याला सगळ्यात जास्त वजन असतं. म्हणजे 'बघ ही काय मूर्खासारखं सांगतेय' म्हणून बहिणीला पाठवलंत तरी तुम्हाला तसली आणखी दहा येणार. लगेच वर सरकवा, किंवा तीन टिंबांवर दाबून 'नॉट इंटरेस्टेड' करा. ओळखीतली असेल आणि अनफॉलो केलेलं कळेल अशी भीती असेल तर 'म्यूट' करा, तिला पत्ता लागत नाही. फार घाण साचली असेल तर सेटिंग्जमध्ये 'कंटेंट प्रेफरन्सेस'मध्ये 'रिसेट सजेस्टेड कंटेंट' आहे, पाटी कोरी होते. यूट्यूबवर 'डोन्ट रेकमेंड चॅनल'.

बाळ मांडीवर असताना बघताय तर तोही बघतोय. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय. आपल्या बाळाचे न्हाणीतले, उघडे, शाळेच्या गणवेशातले फोटो लावू नका; का ते सांगायची गरज नसावी.

रात्रीच्या फोनची जागा रिकामी ठेवली तर तो परत येतो. आमच्याकडे फोन फ्रिजवर गेला आणि त्याच्या जागी झिरोचा दिवा, तांब्याभर पाणी आणि अळिवाच्या लाडवांचा डबा आला. पहिल्या आठवड्यात सुनेने दोनदा उठून फोन घेतला. वहीत तसं लिहिलंय.

रील्स बंद करूनही

वही झाली, फोन साफ झाला, आणि तरीही दोन आठवडे रडू थांबत नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, किंवा आपण नसलो तर बरं असं मनात येतंय, तर हे रील्सचं दुखणं नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे का हे ओळखायला १९८७ पासून एडिंबरा नावाची दहा प्रश्नांची यादी वापरतात; आपल्या डॉक्टरांना तीच मागा. आपल्या गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, तिथे जाण्यात लाज नाही. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६, दिवसरात्र, फुकट. घरच्यांनी तेव्हा सल्ला देऊ नये. बाळ उचलून बाहेर पडवीत न्यावं आणि तिला तीन तास झोपू द्यावं. बाबांनीही. विशेषतः बाबांनी.

बाकी, फोन घेऊन दुकानात आलात तरी मी रागावत नाही. येण्याआधी तीन रात्री जाऊ द्या, चौथ्या दिवशीही ती वस्तू हवीशी वाटली तर या. बाळाला घेऊन या, म्हणजे ते त्यात बसतं का ते बघता येईल. पावती जपून ठेवा, आठ दिवसांत परत घेते, उघडलेलं सिलिकॉन सोडून. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असतं. त्या वेळी शटर वाजवू नका, आत बाबलो माझ्याजवळ झोपलेला असतो.